म्युनिकची इंग्लिश बाग: घडण आणि घडवणारे

दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया राज्याची राजधानी असलेल्या म्युनिक शहरात, जुन्या राजवाड्याच्या मागच्या बाजूपासून निघून इझार नदीच्या डाव्या काठाने उत्तरेकडे कित्येक किलोमीटर पसरत गेलेली ‘इंग्लिश बाग’ सुमारे ३७५ हेक्टर, म्हणजे सव्वानऊशे एकरांहून अधिक जागा व्यापते. शहर वाढत गेले तरी कोणाच्या तरी दूरदृष्टीमुळे मूळचे रान तेवढे शाबूत राहिले असावे, असा पाहणाऱ्याचा सहज समज होतो. हा समज खरा नाही, आणि तो व्हावा अशीच बाग आखणाऱ्याची इच्छा होती. येथील कुरणे सपाट करून घेतलेली आहेत, ओढे वळवलेले आहेत, तळे खणलेले आहे, ज्या टेकडीवरून शहराचे मनोरे दिसतात ती टेकडी भर घालून उभारलेली आहे, आणि वाट ज्या ठिकाणी झाडीआड वळते त्या ठिकाणी ती वळावी हे सव्वादोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी पायी फिरून ठरवलेले आहे. या बागेच्या जन्माशी एक राजा, एक लष्करी प्रशासक आणि एक माळी अशा तिघांचा संबंध असला तरी त्या तिघांचे हेतू एक नव्हते, आणि आज दिसणारी बाग त्यांपैकी मुख्यतः माळ्याच्या मनातली आहे.

आल्प्स पर्वतातून उतरणारी इझार ही मुळात एका पात्रात नांदणारी नदी नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडाला बर्फ वितळले की ती गोटे आणि वाळू वाहून आणी, पात्र बदली, आणि काठच्या सखल भागात अनेक प्रवाहांनी पसरे. त्यामुळे शहराच्या उत्तरेची ही पूरभूमी घरे बांधण्यास निरुपयोगी, पण ओलसर झाडी आणि गवतामुळे हरणांना सोयीची होती. बव्हेरियावर शतकानुशतके राज्य करणाऱ्या विटेल्सबाख घराण्याने ती शिकारीसाठी राखून ठेवली होती. तिच्या शहराजवळच्या भागाला हिर्शअँगर, म्हणजे हरणांचे कुरण, आणि त्यापलीकडच्या भागाला हिर्शाउ अशी नावे होती. सामान्य नागरिकाला तेथे शिरकाव नव्हता.

१७७७ च्या अखेरीस या घराण्याची बव्हेरियातील शाखा निर्वंश झाली आणि ऱ्हाईनकाठच्या पॅलेटिनेट संस्थानाचा अधिपती कार्ल थिओडोर हा बव्हेरियाचाही ‘इलेक्टर’ झाला. पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थानिकांना होता, त्यांना इलेक्टर म्हणत. कार्ल थिओडोरचे बहुतेक आयुष्य मानहाइम येथील कलासंपन्न दरबारात गेलेले असल्याने त्याला म्युनिकला येणे मनापासून नको होते. बव्हेरिया ऑस्ट्रियाला देऊन बदल्यात नेदरलँड्सचा ऑस्ट्रियाच्या ताब्यातील भाग पदरात पाडून घेण्याचे बेत त्याने केले, ते उघडकीस आले, आणि ज्या प्रजेला राजा विकायला निघाला होता ती प्रजा त्याच्यावर कायमची रुष्ट झाली. राजवाड्यालगतची आखीवरेखीव दरबारी बाग त्याने १७८० मध्ये लोकांना खुली केली खरी, पण तेवढ्याने मने जुळली नाहीत. इंग्लिश बागेच्या निर्मितीचे श्रेय त्याला देताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी लागते. लोकांना काहीतरी देण्याची निकड या राजाला इतरांपेक्षा अधिक होती.

मूळ कल्पना मात्र त्याची नव्हती. ती बेंजामिन थॉम्प्सन या परदेशी माणसाची होती, ज्याला इतिहास आणि भौतिकशास्त्र काउंट रम्फर्ड या नावाने ओळखतात. १७५३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे जन्मलेला हा गृहस्थ अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिला, मायदेशाला मुकला, लंडनमध्ये वर चढला आणि १७८४ पासून कार्ल थिओडोरच्या चाकरीत येऊन अल्पावधीत बव्हेरियाच्या सैन्याचा कारभारी झाला. तोफांच्या नळ्या कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरून उष्णता हा पदार्थ नसून गतीचा प्रकार आहे असा निष्कर्ष त्याने पुढे म्युनिकमध्येच काढला. रस्त्यांवरच्या भिकाऱ्यांना १७९० च्या पहिल्या दिवशी धरून आणून कामाला लावणारा आणि जव, वाटाणे व बटाट्यांचे स्वस्त सूप त्यांना पाजणारा प्रशासकही तोच. वाया जाणारी कोणतीही गोष्ट, मग ती उष्णता असो, जमीन असो की माणसाचा वेळ, त्याच्या नजरेला खुपत असे. शांततेच्या काळात बराकींत रिकामा बसलेला सैनिक तर विशेषच खुपे.

यावर त्याने सुचवलेला उपाय म्हणजे ‘लष्करी बागा’. प्रत्येक छावणीच्या गावी सैन्याने जमीन घ्यावी, ती वाफ्यांमध्ये विभागावी, आणि प्रत्येक शिपायाला सुमारे ३६५ चौरस फुटांचा एकेक वाफा द्यावा, ज्यात पिकेल ते त्याचे, अशी ही योजना होती. सैनिकाला ताजी भाजी मिळावी, हाताला काम मिळावे, आणि तो रजेवर गावी परतला की बटाट्यासारखी तेथे अजून न रुळलेली पिके व लागवडीच्या सुधारलेल्या पद्धती सोबत न्याव्यात, असा त्यामागचा तिहेरी हिशेब होता. वाफ्यांमधून जाणाऱ्या रुंद वाटांवर नागरिकांनीही फिरावे, म्हणजे सैनिक आणि शहरवासी यांच्यातले अंतर कमी होईल, हेही त्यात होते. म्युनिकच्या वाट्याची लष्करी बाग १७८९ च्या उन्हाळ्यात शहराच्या उत्तरेस आखली जाऊ लागली, आणि तिच्या शेजारी पसरलेले राजाचे शिकारी कुरणही सर्वांसाठी का उघडू नये, हा पुढचा प्रश्न थॉम्प्सनने राजापुढे ठेवला.

१३ ऑगस्ट १७८९ रोजी कार्ल थिओडोरने फर्मान काढले की, हिर्शअँगर राजधानीच्या रहिवाशांच्या विरंगुळ्यासाठी तयार करण्यात यावे आणि निसर्गाची ही सुंदर देणगी विश्रांतीच्या वेळी लोकांपासून यापुढे दूर ठेवू नये. पॅरिसमध्ये बास्तीयचा किल्ला पडून त्या दिवशी जेमतेम एक महिना झाला होता. त्यामुळे क्रांतीच्या धास्तीने राजाने प्रजेला बाग दिली, असे समीकरण बहुधा मांडले जाते. ते आकर्षक असले तरी अर्धेच पटते, कारण लष्करी बागांची योजना त्याच वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे पॅरिसमध्ये काही घडण्यापूर्वीच आखली गेली होती. फ्रान्समधील बातम्यांनी शिकारीचे कुरण सोडण्याचा निर्णय सुकर केला असेल, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

काम विलक्षण वेगाने झाले, कारण मजूर सैन्याचेच होते. फर्मानाच्याच महिन्यात मानहाइमजवळच्या श्वेट्सिंगेन येथील राजाच्या बागा सांभाळणाऱ्या फ्रीडरिश लुडविग स्केल याला सल्ल्यासाठी बोलावून घेण्यात आले. पुराची टांगती तलवार दूर केल्याशिवाय येथे काहीच टिकणार नव्हते. आड्रियान फॉन रीडल या अभियंत्याने १७९० मध्ये इझारच्या काठाने बांध घातला, ज्यामुळे नदी आणि बाग यांचा संबंध तुटला आणि पूर्वी नदीच्या मर्जीवर असलेले पाणी यापुढे माणसाने ठरवलेल्या पाटांतून बागेत येऊ लागले. बागेच्या इतिहासात या बांधाचा उल्लेख ओझरता होतो. वास्तविक पुढची सारी हिरवळ त्याच्या आधारावर उभी आहे.

सुरुवातीच्या त्या बागेत उपयुक्ततेची छाप सर्वत्र होती. आदर्श शेती, सुधारित जातींच्या गुरांचा गोठा, मेंढ्यांचा कळप, रोपवाटिका आणि १७९० मध्ये सुरू झालेली पशुवैद्यक शाळा असा सगळा बारदाना थॉम्प्सनने तेथे मांडला. ती शाळा पुढे म्युनिक विद्यापीठात सामील झाली आणि तिचे आवार आजही बागेच्या कडेला आहे. फिरायला आलेल्या माणसाने नकळत काही शिकून परत जावे, हा त्यामागचा विचार होता. करमणुकीसाठी मात्र त्या काळच्या युरोपीय आवडीला धरून पाच मजल्यांचा, सुमारे २५ मीटर उंचीचा लाकडी ‘चिनी मनोरा’ १७८९-९० मध्ये उभा राहिला. लंडनजवळच्या क्यू बागेत विल्यम चेंबर्सने बांधलेल्या, याच्या दुप्पट उंच पॅगोड्यावरून तो घेतलेला होता, म्हणजे चीनची नक्कल इंग्लंडने केली आणि त्या नकलेची नक्कल बव्हेरियाने. बागेला ‘थिओडोरची बाग’ असे राजाचे नाव द्यायचे ठरले होते, पण लोकांनी ते उचलले नाही आणि आखणीच्या धाटणीवरून ‘इंग्लिश बाग’ हेच नाव रूढ झाले. १७९२ च्या वसंतात ती शहराच्या सुमारे ४०,००० रहिवाशांना खुली झाली.

इंग्लिश धाटणी म्हणजे काय, हे येथे सांगणे अवश्य आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये परिपक्व झालेल्या बागेत सरळ रस्ते, भौमितिक ताटवे, कातरून आकार दिलेली झुडपे आणि कारंजी असत. तेथे सर्व रेषा राजवाड्याच्या खिडकीपाशी येऊन मिळत, म्हणजे बाग कोणाच्या नजरेसाठी आहे याबद्दल संशय राहत नसे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील जमीनदारांनी ही रीत टाकून वळणदार वाटा, उताराची कुरणे, झाडांचे मोकळे पुंजके आणि नैसर्गिक दिसणारी तळी यांची बाग पत्करली, जिला एकच एक मध्य नव्हता आणि जी चालता चालता उलगडत जाई. स्केलने १७७३ पासून काही वर्षे इंग्लंडमध्ये राहून हे शास्त्र प्रत्यक्ष पाहिले होते. जर्मनीत त्याचा सिद्धान्त मांडला तो क्रिस्टियान हिर्शफेल्ड याने, ज्याच्या उद्यानकलेवरील पाच खंडांत (१७७९ ते १७८५) शहरातील सर्व थरांसाठी असलेल्या ‘लोकोद्याना’ची कल्पना स्पष्ट शब्दांत आढळते. गंमत अशी की, निसर्गसदृश बागेचा हा पुरस्कर्ता लोकोद्यानातील वाटा मात्र सरळ असाव्यात म्हणतो, कारण गर्दीवर पोलिसांना नजर ठेवणे त्यामुळे सोपे जाते. म्युनिकमध्ये हा सल्ला मानला गेला नाही.

थॉम्प्सन १७९८ मध्ये बव्हेरिया सोडून गेला आणि त्याच्या जागी आलेला राइनहार्ड फॉन वेर्नेक हा कारभारी बागेचा विस्तार करण्यात त्याच्याहून पुढे गेला. १७९९ मध्ये कार्ल थिओडोर वारला, सैनिकांचे वाफे मोडून ती जमीन बागेत मिळवण्यात आली, आणि लगोलग हिर्शाउचाही समावेश झाल्याने बाग उत्तरेकडे लांबवर पसरली. १८०० च्या सुमारास क्लाइनहेसेलोअर तळे खणण्यास आरंभ झाला तो वेर्नेकच्याच काळात. पण त्याचा ओढा बागेतून उत्पन्न काढण्याकडे असल्याने आणि कुरणे हळूहळू शेते होऊ लागल्याने स्केलशी त्याचे पटणे शक्य नव्हते. १८०४ मध्ये स्केल बव्हेरियातील सर्व राजोद्यानांचा प्रमुख होऊन म्युनिकला आला आणि इंग्लिश बाग त्याच्या हाती आली.

१८०७ मध्ये त्याने बागेविषयी एक निवेदन सादर केले. लोकोद्यान ही शहराच्या दृष्टीने उधळपट्टी नसून शरीर आणि मन या दोहोंच्या व्यायामाची शाळा आहे, आणि सर्व थरांतील माणसांनी तेथे एकमेकांच्या जवळ यावे यासाठी ती असते, अशी त्याची भूमिका आहे. थॉम्प्सनच्याही मनात माणसांना जवळ आणणे होते, पण ते काम त्याने शेतीचे धडे, गोठे आणि शाळा यांवर सोपवले होते. स्केलने त्यातील बहुतेक सर्व काढून टाकले. चिनी धाटणीच्या इमारतीही त्याला या भूमीत उपऱ्या वाटत, पण मनोरा लोकांच्या आवडीमुळे राहिला. उरली ती जमीन, पाणी, झाडे आणि वाट, आणि एवढ्या चार साधनांवर एखाद्या शहराची गर्दी सामावून घेण्याचे धाडस त्याच्यापूर्वी जर्मनीत कोणी केले नव्हते.

त्याची काम करण्याची रीत त्याने १८१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उद्यानकलेवरील ग्रंथात वर्णिली आहे, आणि ती मुळातून समजून घेण्यासारखी आहे. कागदावर पुरी वाट काढून नंतर ती जमिनीवर मोजून उतरवणे त्याला मान्य नव्हते, कारण कागदावर शोभणारी वक्ररेषा चढउताराच्या जमिनीवर कृत्रिम दिसते असा त्याचा अनुभव होता. त्याऐवजी टोकाला लोखंडी अणी असलेली, माणसाच्या उंचीची काठी घेऊन तो जागेवर उभा राही, तिचे टोक मागच्या बाजूला जमिनीत टेकवी, नजर पुढच्या झाडावर किंवा उंचवट्यावर ठेवी आणि न थांबता चालू लागे. काठीच्या टोकाने मातीत उमटत गेलेली रेघ हीच वाट, आणि मागून येणारे मजूर त्या रेघेवर खुंट्या ठोकत जात. तळ्याचा काठ, झाडीची कड, ओढ्याचे वळण या सर्वांना हीच रीत लागू होती. त्यामागचा तर्क साधा आहे. जी रेषा चालणाऱ्याने चालत काढली, ती पुढे चालणाऱ्याला अडखळवणार नाही. या बागेतील वाटा आजही पायाला सहज वाटतात, याचे कारण बहुधा इथेच सापडते.

झाडांच्या बाबतीत त्याचा भर देशी जातींवर होता. बीच, लिंडेन, अ‍ॅश, मेपल आणि ओल्या जागी विलो व आल्डर अशी झाडे तो लावी, आणि नानाविध जातींची सरमिसळ करण्याऐवजी एकेका जातीचे मोठे समूह करी, म्हणजे दुरून पाहता त्यांचा आकार आणि रंग ठळक राहतो. कुरणाच्या कडेने हे समूह पुढे-मागे सरकवलेले असल्याने मोकळी जागा कोठे संपते हे एका जागी उभे राहून कळत नाही. शहराच्या बाजूची हद्द झाडीने झाकली आहे, पण चर्चचे मनोरे जेथून दिसावेत तेथे झाडी मुद्दाम तोडलेली आहे. पाण्याचा उपयोग त्याने आवाजासाठीही केला. १८१५ च्या सुमारास आइसबाख या प्रवाहावर दगड रचून त्याने लहानसा धबधबा केला, ज्यामुळे शहराकडून येणाऱ्याच्या कानावर रस्त्याचा गोंगाट ओसरता ओसरता पाण्याचा घोष पडू लागतो. क्लाइनहेसेलोअर तळे त्याने वाढवून १८१२ पर्यंत पुरे केले. सुमारे साडेआठ हेक्टरांच्या या तळ्यात तीन बेटे आहेत आणि त्यांच्या मांडणीमुळे पाण्याचा पलीकडचा काठ कोठूनही एका दृष्टिक्षेपात येत नाही.

स्केल १८२३ मध्ये मरण पावल्यावर राजाने तळ्याकाठी त्याचे स्मारक उभारले, आणि बागेची जबाबदारी त्याचा पुतण्या कार्ल आउगुस्ट याच्याकडे आली. त्याने राजा पहिला लुडविग याच्या आज्ञेवरून दक्षिणेकडच्या विस्तीर्ण कुरणालगत सुमारे १५ मीटर उंचीची टेकडी भर घालून तयार केली, आणि तिच्यावर लिओ फॉन क्लेंत्से या वास्तुविशारदाने १८३६ मध्ये ‘मोनोप्टेरॉस’ बांधले. भिंती नसलेल्या, केवळ गोलाकार मांडलेल्या खांबांवर छत तोललेल्या ग्रीक देवळाला हे नाव आहे. आयोनिक पद्धतीच्या या मंडपात देवमूर्ती नाही, तर कार्ल थिओडोर आणि त्याचा वारस मॅक्सिमिलियन यांची स्मृती आहे. अप्रिय राजाला अखेर सन्मान मिळाला तो असा, त्याला हव्या असलेल्या नावाने नव्हे पण बागेतल्या सर्वांत उंच जागी. छायाचित्रांत इंग्लिश बागेची ओळख म्हणून हीच टेकडी दिसते, त्यामुळे ती मूळ आराखड्यानंतर चार तपांनी आली याचा सहसा विसर पडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बागेत फारसे काही बांधले गेले नाही, पण तिचे ‘लोक’ बदलले. शहरातील श्रीमंत घरांत राबणाऱ्या स्वयंपाकिणी, मोलकरणी, दाया आणि नोकर यांना दिवसभरात सवड नसे, म्हणून १८८० च्या आसपास ही मंडळी उन्हाळ्यातील रविवारी पहाटे पाच वाजता चिनी मनोऱ्यापाशी जमून, मालक उठण्याआधी, आठपर्यंत नाचू लागली. स्वयंपाकिणींवरून या मेळ्याला ‘कोखर्लबाल’ नाव पडले. सर्व थरांनी एकत्र यावे हा स्केलचा आदर्श येथे काहीसा उलटाच सिद्ध झाला, कारण एकच बाग दोन थरांनी वापरली खरी, पण वेगवेगळ्या वेळी. १९०४ मध्ये नीतिमत्तेच्या कारणावरून सरकारने हा नाच बंद केला आणि बागेच्या द्विशताब्दीला, १९८९ मध्ये, तो पुन्हा सुरू झाला. आता तो जुलै महिन्यात वर्षातून एकदा होतो आणि नाचायला येणाऱ्यांत स्वयंपाकिणी असण्याचा संभव थोडाच.

विसाव्या शतकाने बागेवर दोन मोठे आघात केले. पहिला म्हणजे नाझी राजवटीने १९३७ मध्ये दक्षिण टोकाला उभे केलेले प्रचंड कलादालन, जे आज ‘हाउस डेर कुन्स्ट’ या नावाने ओळखले जाते. स्केलने जेथे शहर आणि झाडी यांचा सांधा दिसू नये अशी काळजी घेतली होती, तेथे या इमारतीने दगडी खांबांची भिंत घातली. जुलै १९४४ मधील बाँबहल्ल्यात चिनी मनोरा जळाला आणि १९५२ मध्ये जुन्या रूपाबरहुकूम पुन्हा बांधला गेला. दुसरा आघात शांततेच्या काळातला, आणि जास्त खोल होता. १९६० च्या दशकात शहराभोवतीचा वर्तुळमार्ग बागेतून नेण्यात आला, आणि इझाररिंग नावाच्या त्याच्या रुंद तुकड्याने तळ्याच्या उत्तरेला बाग सरळ दोन भागांत चिरली. मूळच्या हिर्शअँगरचा गजबजलेला दक्षिण भाग आणि मेंढ्या अजून चरतात तो हिर्शाउचा उत्तर भाग यांच्यामध्ये तेव्हापासून मोटारींची अखंड रांग आहे. त्यामानाने १९७२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने जपानने दिलेले लहानसे चहागृह, जे कलादालनामागे एका बेटावर आहे, बागेने सहज पचवले.

या साऱ्या काळात एक गोष्ट बदलली नाही, ती म्हणजे बाग शहराच्या मालकीची नसणे. याउलट माग्डेबुर्ग शहराच्या नगरपालिकेने १८२४ मध्ये पेटर योसेफ लेने या प्रसिद्ध उद्यानकाराकडून स्वतःच्या पैशाने लोकोद्यान आखून घेतले, आणि नागरिकांच्या प्रातिनिधिक संस्थेने असे काम सांगावे हा लेनेच्या अनुभवात पहिलाच प्रसंग होता. त्या दृष्टीने नागरिकांची स्वतःची बाग हा मान माग्डेबुर्गकडे जातो. म्युनिकची बाग मात्र राजाने दिलेली होती आणि राजेशाही १९१८ मध्ये संपल्यावर ती शहराकडे न येता बव्हेरिया राज्याकडे गेली. राजवाडे, बागा आणि सरोवरे सांभाळणारे राज्याचे खातेच आजही तिचा कारभार पाहते. या व्यवस्थेची कसोटी लागली ती आइसबाखच्या उगमापाशी, हाउस डेर कुन्स्टजवळच्या पुलाखाली, जेथे वेगाने उसळणाऱ्या पाण्याची एक स्थिर लाट तयार होत असे. १९७० च्या दशकापासून तरुण मुले फळी घेऊन तिच्यावर स्वार होत आणि खाते त्यांना मनाई करत राहिले. अखेर २०१० मध्ये तेवढ्या जागेचा ताबा राज्याकडून शहराकडे आला आणि शहराने, धोक्याची सूचना देणारी पाटी लावून, ती लाट सराईत खेळाडूंसाठी खुली केली.